नोलीनचा दात आणि नोलीनची हाडं

दक्षिण गोलार्धातल्या येरिनप गावात फुटबॉलच्या मैदानाभोवती गाड्या गोल उभ्या करून, आत बसूनच सामना बघायची रीत आहे. आपल्या गावाने गोल केला की सगळ्या गाड्यांचे भोंगे एकदम वाजतात. जूनमध्ये, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, कडाक्याच्या थंडीत एका शनिवारी असाच गोल झाला आणि नोलीन प्रॉसर, वय वर्षं एकाहत्तर, आनंदाच्या भरात गाडीतून उतरून ओल्या गवतावर नाचायला गेली. पाय घसरला, डावा हात टेकला आणि मनगटातून कट्कन आवाज आला.

"लागलं का गं?" नवरा केल्विन काच खाली करून ओरडला.

"थोडंसं," नोलीन म्हणाली. मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं.

सामन्याचा अख्खा शेवटचा भाग बाकी होता आणि येरिनप जेमतेम पुढे. अशा वेळी मैदान सोडून जाणारा माणूस त्या गावात पुन्हा तोंड दाखवू शकत नाही. नोलीनने बशा पुसायच्या फडक्यात हात गुंडाळला, गाडीत येऊन बसली आणि सामना संपेपर्यंत केल्विनच्या अंगावरून उजवा हात घालून भोंगा वाजवत राहिली. मग दवाखाना. या लोकांचं सगळं दुखणं 'थोडंसं'च असतं. झाडाखाली सापडलेल्या माणसाला विचारलं तरी तो म्हणेल, "जरा अडकलोय, पण तुमचा चहा होऊ द्या."

नोलीनने तरुणपणी मेंढ्यांच्या कातरणीच्या हंगामात वीस-वीस माणसांचा स्वयंपाक ओढला होता. दोन मुलं वाढवली, शेत थोरल्याच्या हवाली केलं, आणि आता नवरा-बायको गावात लहानशा घरात राहायला आली होती. पण तिची खरी ओळख यातली कुठलीच नाही. नोलीन म्हणजे येरिनप बँडची पहिली कॉर्नेट. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटची बुटकी, गोड गळ्याची बहीण. ऑक्टोबरातल्या जत्रेत बक्षीस मिळवलेली जनावरं मैदानातून मिरवतात, तेव्हा सगळा बँड एका जागी थांबतो आणि नोलीन एकटी उभी राहून वाजवते. तिचा सूर वर चढला की पहिला आलेला मेंढासुद्धा मान वळवतो, असं गावात म्हणतात. मेंढ्याचं मत कुणी विचारलेलं नाही, पण नोलीनला ते मान्य होतं.

हात प्लास्टरमध्ये गेला. तेवढ्यावर भागेल असं तिला वाटलं होतं. पण दवाखान्यातल्या डॉक्टर फोन्सेका, श्रीलंकेहून येऊन या गावात रुळलेल्या, हळू बोलणाऱ्या बाई, त्यांना ते मनगट काही आवडलं नाही.

"उभ्या उभ्या पडून हाड मोडायला नको होतं," त्या म्हणाल्या. "अलीकडे उंची कमी झाल्यासारखी वाटते का?"

"छे. आमच्या स्वयंपाकघरातली कपाटं जरा वर गेली आहेत, एवढंच."

डॉक्टरबाईंनी तिला ऑल्बनी शहरात हाडांच्या तपासणीला धाडलं. निकाल आला. हाडं ठिसूळ झाली होती, त्यातही पाठीचा कणा जास्त. ऑस्टिओपोरोसिस. आठवड्याला एक गोळी घ्यायची, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

"एवढंच ना?" नोलीन उठायलाच लागली.

"बसा. सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, भरपूर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. चहासुद्धा नाही."

नोलीन परत खाली बसली. येरिनपमध्ये सगळे एकमेकांना 'तू'च म्हणतात, डॉक्टरलाही; डॉक्टरबाई तेवढ्या 'तुम्ही' म्हणत. "डॉक्टर, तू शिकलेली बाई आहेस. उठल्यावर अर्धा तास चहा नाही? लोक मरत कसे नाहीत?"

डॉक्टरबाई हसल्या, आणि मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी बाकीचंही सांगून टाकलं. काही जणींना छातीत जळजळतं, ते बरेचदा दिसतं. फार वर्षं घेतली तर क्वचित एखादीच्या मांडीच्या हाडाला उलटाच त्रास होतो, म्हणून काही वर्षांनी थांबून पुन्हा विचार करायचा. आणि अगदी क्वचित जबड्याचं हाड उघडं पडतं, जखम भरत नाही.

"जबडा?" नोलीनचा हात आपोआप तोंडाकडे गेला. कॉर्नेट वाजवणाऱ्या बाईला जबडा म्हणजे सुतारणीला पटाशी. "किती जणींचा?"

"दहा हजार बायकांनी वर्षभर गोळी घेतली तर एखादीचा, किंवा तेवढाही नाही. उलट तुमच्यासारख्या, साध्या पडण्यात हाड मोडलेल्या शंभर बायका घेतल्या, तर दहा वर्षांत त्यातल्या विसेक जणींचं तरी पुन्हा मोठं हाड मोडतं. खुबा नाहीतर पाठ. गोळीने ते अगदी थांबत नाही, पण बरंच कमी होतं." मग त्या थांबून म्हणाल्या, "दाताचं काही काम राहिलंय का?"

नोलीनची जीभ आतल्या आत वरच्या पुढच्या दातावर गेली. त्या दाताला टोपी होती, आणि टोपीखाली मूळ कुजलेलं होतं. ऑल्बनीच्या दंतवैद्याने दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, हा जाणार. नोलीनने ते सोयीस्करपणे विसरून टाकलं होतं, कारण कॉर्नेटची तोटी ओठावर टेकते ती नेमकी त्या दाताच्या पुढे. मागे भक्कम दात असेल तर ओठ टिकतो आणि वरचे सूर लागतात. दात गेला की भिंतच गेली. कवळीचा दात बसवता येतो, पण तो हसायला चालतो, फुंकायला नाही.

तिने खरं ते सांगितलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मग आधी तो काढा. गोळ्या चालू असताना दात काढावा लागला तर जबड्याची भीती वाढते. आता काढलात, हिरडी भरू दिलीत, की मग गोळी सुरू. घाई नाही, विचार करा. शेवटी हाडं तुमची आहेत."

म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गोळी घ्यायची तर आधी दात द्यायचा, आणि दाताबरोबर जत्रेतली पहिली कॉर्नेट. गोळी नाही घेतली तर दात आणखी तीन-चार वर्षं रेटता येईल, सूर शाबूत राहील, आणि हाडं काय करायची ती करतील. नोलीन घरी आली ती गप्पच. नोलीन गप्प म्हटल्यावर केल्विन घाबरला, कारण गेल्या पन्नासेक वर्षांत असं झालं नव्हतं.

शुक्रवारी पबमध्ये मटणाची सोडत असते. तिकीट काढायचं, नंबर लागला तर चॉप आणि सॉसेजचं ताट घरी न्यायचं. त्या गर्दीत नोलीनच्या हाडांची बातमी तिच्या आधीच पोचली होती. एकीने सांगितलं, कोंबडीच्या पायांचा रस्सा पी. दुसऱ्याने एमू पक्ष्याच्या तेलाची शिफारस केली, आणि त्याच्याकडे योगायोगाने ते विकायलाही होतं. पलीकडच्या टेबलावरून एक जण ओरडला, "माझ्या मावसबहिणीच्या शेजारणीने ती गोळी घेतली आणि तिचा जबडा गळून पडला!"

"म्हणजे ताटात?" केल्विनने विचारलं.

"जवळजवळ."

उंटावरचे शहाणे सगळ्या मुलखात असतात, फक्त इथे उंटाऐवजी पबची उंच खुर्ची असते. नोलीन हसली, मटण जिंकून घरी आली, आणि डॉक्टरबाईंनी दिलेला गोळ्यांच्या माहितीचा कागद उघडून बसली. त्यावर नको त्या सगळ्या व्याधी बारीक अक्षरात लिहिल्या होत्या. रोगापेक्षा औषध जालीम, असं तिचं मत होत चाललं.

केल्विन चॉप तव्यावर टाकता टाकता म्हणाला, "मी सांगू का? हजार मेंढ्यांना जंताचं औषध पाजलं की एखादी औषधानेच दगावते. नाही पाजलं तर शंभर दगावतात. मी कधी दोनदा विचार केला नाही."

"मी कळप नाही, केल्विन. मी एकच मेंढी आहे."

"तसं मी कुठे म्हटलं?"

"आत्ता म्हटलंस!"

केल्विनने चॉप उलटला. मग तो मागे न वळताच म्हणाला, "खरं सांगू? औषधाने मेलेली एक मेंढी मला अजून आठवते. डाव्या कानाला फाटका कोपरा होता तिच्या. माझ्या हाताने पाजलं आणि माझ्या पायाशी पडली. वाचलेल्या शंभरांतली एकही आठवत नाही. त्या नुसत्या चरत राहिल्या." तो वळला. "म्हणून ती गोळी मोठी दिसते गं. गोळीने जे होतं त्याची गोष्ट होते. गोळीने जे होत नाही, त्याची कुठे होते?"

नोलीनने कागद घडी करून ठेवला. नवरा कधी नव्हे ते शहाण्यासारखं बोलला होता, आणि तरी तिचं मन दातापाशीच अडकलं होतं. तिला मरणाची भीती नव्हती, काठीचीही नव्हती. तिला भीती होती ती एका गोष्टीची, की ऑक्टोबरात मेंढे मिरवतील आणि ती नुसती खुर्चीत बसून टाळ्या वाजवेल.

राहता राहिली ग्लेनिस. ग्लेनिस हार्डविक पूर्वी गावचं पोस्ट सांभाळायची. बँडमध्ये ती दुसरी कॉर्नेट, पंचवीस वर्षं नोलीनच्या शेजारच्या खुर्चीत. जिवाभावाची मैत्रीण, आणि जिवाभावाच्या मैत्रिणी असतात तशीच थोडी काट्यासारखी. नोलीनचं प्लास्टर निघाल्यावर पहिल्या सरावाला ती सरळच म्हणाली, "दात काढ आणि गोळी घे."

"हो तर! आणि पहिली खुर्ची कुणाला?"

ग्लेनिसचा चेहरा लाल झाला. "पंचवीस वर्षं मी तुझ्या थुंकीचे शिंतोडे झेलले, तोंडातून ब्र काढला नाही. आणि आता मला तुझी खुर्ची हवी म्हणून मी तुझे दात पाडतेय?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हटलंस. आणि खुर्ची मला हवीच आहे, ते काय गुपित आहे? कोणत्या दुसऱ्या कॉर्नेटला नको असते? पण ती अशी नको." तिने कॉर्नेट पेटीत आदळली. "उद्या मी मर्व्हकडे स्कोन घेऊन जातेय. यायचं तर ये, नाहीतर बस घरी दात कुरवाळत."

नोलीन गेली. अपराधी वाटत होतं म्हणून गेली, हे तिने केल्विनजवळ कबूल केलं, ग्लेनिसजवळ नाही.

मर्व्ह टॉली बँडचा जुना ट्यूबावाला. दाराएवढा माणूस, ट्यूबा, म्हणजे बँडमधलं सगळ्यात मोठं, खर्जाचं पितळी वाद्य, अंगावर घेतला की बाळ घेतल्यासारखा दिसायचा. बँड सोडून त्याला सात-आठ वर्षं झाली होती, आणि नोलीन त्याला भेटली नव्हती त्यालाही बराच काळ लोटला होता. दार उघडलं तेव्हा तिने आधी सरळ समोर पाहिलं, मग नजर खाली न्यावी लागली. मर्व्ह कमरेतून आणि पाठीतून वाकला होता. हनुवटी छातीला टेकलेली, आणि तो भुवयांखालून वर पाहत हसत होता.

"या, या! नोलीन, तुझे बूट छान आहेत. मला हल्ली सगळ्यांचे बूटच आधी दिसतात."

स्कोनच्या मऊ पावांवर जाम पडला, चहा झाला. मर्व्हने स्वतःच विषय काढला, गावात काय लपतं? "माझी बरगडी मोडली तेव्हा मलाही त्याच गोळ्या दिल्या होत्या. मी कागद वाचला. म्हटलं, जबड्याचं हाड? नको रे बाबा, मी फुंकणारा माणूस. गोळ्या दिल्या कचऱ्यात." त्याने स्कोनचा तुकडा तोंडात टाकला. "मग एकदा कोकरू उचललं आणि पाठीचा एक मणका दबला. मग एकदा नुसता शिंकलो, दुसरा दबला. असे चार-पाच. जबडा बघ, ठणठणीत आहे."

"मग मी काय करू, मर्व्ह?"

"मला विचारू नकोस. माझं बघून झालंय. माझं नशीब वाईट होतं म्हण. गोळ्या न घेता सरळ चालणारेही आहेत गावात."

नोलीनला काय वाटलं कोण जाणे, तिने ग्लेनिसला गाडीतून कॉर्नेट आणायला सांगितलं आणि मर्व्हपुढे धरली. "वाजव काहीतरी."

"मी ट्यूबावाला. ही काय, बाहुलीची शिट्टी."

पण त्याने ती घेतली. ओठांनी तोटी शोधली, आणि सूर लागला. काय सुंदर सूर होता तो! गोल, शांत, कुठेही न थरथरणारा. नोलीनने डोळे मिटले, आणि तेवढ्यात तो संपला. सुराला तडा गेला नव्हता, नुसता वारा संपला होता. मर्व्ह धापा टाकत होता.

"ओठ आहेत," तो दम घेत म्हणाला. "बरगड्या कमरेवर येऊन बसल्यात. हवेला जागाच नाही आत. दात गेला तर माणूस खालच्या सुरात वाजवतो, नोलीन. पाठ गेली की कुठल्याच नाही."

परतताना गाडीत नोलीनला रडू येत होतं ते मर्व्हसाठी, आणि खरं सांगायचं तर स्वतःसाठीही. आजवर ती तागडीच्या एका पारड्यात हाडं ठेवत होती आणि दुसऱ्यात कॉर्नेट. कॉर्नेट तर दोन्हीकडे होती. एकीकडे तिचे वरचे चार सूर, दुसरीकडे सगळेच.

"ग्लेनिस," वेशीपाशी आल्यावर ती म्हणाली, "मी काल फार वाईट बोलले."

"थोडंसं," ग्लेनिस म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नोलीन डॉक्टरबाईंकडे गेली आणि तिने शंकांची झोळी रिकामी केली. जळजळलं तर? तर लगेच सांगा, दुसरा उपाय आहे, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं औषधही असतं, त्याने दोन-तीन दिवस अंग मोडून येऊ शकतं. मांडी दुखली तर? तर दुखणं 'थोडंसं' न म्हणता सांगा. जबडा? दर सहा महिन्यांनी दंतवैद्य, आणि दात घासायचा आळस नाही.

"आणि मी ती दहा हजारांतली एक निघाले तर?"

"तर मला फार वाईट वाटेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तसं होणारच नाही असं मी म्हणणार नाही. तुमच्या जागी माझी आई असती तर मी तिला घ्यायला सांगितलं असतं, एवढंच म्हणू शकते."

ऐकावे जनाचे आणि करावे मनाचे. नोलीनने जनाचं पोटभर ऐकलं होतं. ऑगस्टात दात गेला. दंतवैद्याने तो कागदात गुंडाळून तिच्या हातात दिला, इतका क्षुल्लक तुकडा की तिला त्याचा रागच आला. हिरडी भरली, कवळीचा दात बसला, डॉक्टरबाईंनी हिरवा कंदील दिला आणि रविवार हा गोळीचा वार ठरला. पहिल्या रविवारी ती ताठ बसून घड्याळाकडे असं पाहत राहिली की केल्विनला स्वतःचा चहा अंगणात जाऊन चोरून प्यावा लागला. जळजळ झाली नाही. जबडा जागच्या जागी राहिला. पबमध्ये लोकांची थोडी निराशाच झाली.

कॉर्नेट मात्र रुसली. पहिल्या दिवशी नोलीनने वरचा सूर घ्यायला फुंकलं आणि गाय अडल्यासारखा आवाज आला. शेजाऱ्याने कुंपणावरून विचारलं, कुणाला बोलावू का? महिनाभर ती रोज झगडली. खालचे सूर परत आले, मधले आले, वरचे काही येईनात. सप्टेंबर संपता संपता ती स्वतःच बँडमास्तरपुढे उभी राहिली. "मला तिसरी कॉर्नेट दे. मागच्या रांगेत. पहिली ग्लेनिसला."

बँडमास्तर बिचारा वह्या चाळत बसला. त्या संध्याकाळी घरी येऊन नोलीन मनसोक्त रडली. केल्विनने तिला जवळ घेतलं आणि शहाण्यासारखं काहीही बोलला नाही.

मग जत्रा. लख्ख ऊन, धूळ, तळलेल्या बटाट्यांचा वास. मैदानातून बैल, घोडे, मेंढे मिरवायला लागले. बँड एका जागी थांबला आणि ग्लेनिस एकटी उभी राहिली. तिने सुरुवात केली, आणि थोड्या वेळाने खालून बाकीचा बँड तिच्यात मिसळला. तिसऱ्या कॉर्नेटचं काम सोपं असतं, लांब लांब खालचे सूर धरायचे. नोलीन ते धरून होती, आणि धरता धरता तिला ऐकू यायला लागलं. तिच्या उजवीकडून ट्रॉम्बोन वर चढत होते. पाठीमागे ट्यूबा जमिनीसारखा पसरला होता. तिच्या स्वतःच्या साध्यासुध्या सुरावर दुसरी कॉर्नेट येऊन टेकत होती, आणि या सगळ्यावर ग्लेनिस. नोलीनच्या पाठीचा कणा ताठ होता, छाती भरून हवा आत येत होती, आणि तिच्या अंगावर काटा आला.

मिरवणूक संपली. टाळ्यांमधून वाट काढत ग्लेनिस घामाघूम होऊन तिच्यापाशी आली. "सांग. खरं सांग हं."

"दोन ठिकाणी घसरलीस."

"ते मला माहीत आहे. बाकी?"

नोलीनला हसूही आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही. "ग्लेनिस, आपला बँड किती सुंदर वाजतो गं! इतकी वर्षं मला कुणी कसं सांगितलं नाही?"

"सांगणार कसं?" ग्लेनिस म्हणाली. "तू मधे वाजवत होतीस ना!"